रेषा ओलांडली तरच मोजा: सातारा-सांगलीच्या पठारांवरून वसंतातल्या शिकारी पक्ष्यांची मोजणी

मार्च लागला की आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर आकडे पडायला लागतात. ‘पठारावर ८५ घारी, ३ भोवत्या (हॅरियर), १ गरुड.’ मी विचारतो, किती वाजता? ‘सकाळी.’ किती वेळ उभे होतात? ‘असतील दोन-अडीच तास.’ त्या ८५ घारी कुठून कुठे गेल्या? इथे सगळे गप्प. म्हणजे सकाळ छान गेली, चहा झाला, फोटो मिळाले, पण मोजणी झालीच नाही.

स्थलांतराच्या मोजणीत आकाशात किती पक्षी दिसले हे महत्त्वाचं नसतं. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळात, ठरलेली रेषा किती पक्ष्यांनी कोणत्या दिशेला ओलांडली, एवढंच लिहायचं असतं. हे साधं वाटतं, आणि दरवर्षी चुकतं ते इथेच. पहिल्या दोन वर्षांतल्या आमच्या निम्म्या नोंदी याच कारणाने मी बाजूला काढल्या. कशासाठी वापराव्यात तेच कळत नव्हतं.

आणखी एक, डोक्यातली चित्रफीत आधी पुसून टाका. जॉर्जियातल्या बातुमीवरून शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात, इस्राएलमधल्या एलातला वसंतात आकाश भरून जातं, कारण तिथे समुद्र आणि डोंगर मिळून पक्ष्यांना एका बोळात ढकलतात. दख्खनच्या पठारावर असा बोळ नाही. पक्षी रुंद पसरून, एकटे-दुकटे, वाटेत शिकार करत उत्तरेकडे सरकतात. तासाला दोन भोवत्या आणि एक खरूची (केस्ट्रल, छोटा ससाणा) ही आपल्याकडची चांगली मोजणी. शून्याचे तास बरेच येणार, आणि तेही लिहायचे.

## टप्पा १: जागा निवडा, आणि ती बदलू नका

आपल्याकडे ढोबळमानाने दोन प्रकारच्या जागा आहेत. एक, सह्याद्रीच्या कड्याजवळची पठारं: कास, यवतेश्वरचा वरचा भाग, ठोसेघरच्या पुढचं चाळकेवाडी. दोन, पूर्वेकडचा उघडा माळ: माण-खटाव, आटपाडी, जत, आणि मिरज तालुक्यातल्या दंडोबासारख्या सुट्या टेकड्या. भोवत्या आणि खरूची माळाचे पक्षी. ते गवतावरून कमी उंचीवर उडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी माळाला लागून असलेलं बेताच्या उंचीचं टेकाड बरं. गरुड आणि बाज मोठे पंख पसरून, तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर तरंगत जातात. त्यांच्यासाठी डोंगराची धार हवी. दोन्ही एकाच जागेवरून साधत नाही. आपल्याला काय मोजायचंय ते आधी ठरवा.

जागेवर एकदा रिकाम्या हाताने जाऊन या. वसंतात पक्षी दक्षिणेकडून येणार, म्हणून दक्षिणेची बाजू मोकळी हवी. आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंत क्षितिज दिसलं पाहिजे, मध्ये झाड, टॉवर, हॉटेलची शेड नको. सावलीचं मात्र बघून ठेवा. एप्रिलमध्ये माणच्या माळावर पारा चाळिशीला टेकतो, आणि दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. एक बोर-बाभूळ किंवा मोठी छत्री नसेल तर तिसऱ्या तासाला तुमचा माणूस बघायचं सोडून पाणीच शोधत बसेल.

पवनचक्क्यांच्या रांगेत बसू नका. चाळकेवाडी पठारावरच केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने साधारण चौपट कमी आढळलं. शिकारी कमी, म्हणून तिथले सरडे जास्त. तुमची मोजणी अशा ठिकाणी झाली तर आकडा खरा असेल, पण तो त्या पात्यांचा परिणाम सांगेल, स्थलांतराचा नाही. बसायचंच असेल तर पाती किती अंतरावर आहेत ते दरवेळी तक्त्यात लिहा.

परवानगीचं आधी उरका. कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, सागरेश्वर अभयारण्य आहे. तिथे वनविभागाच्या लेखी होकाराशिवाय सकाळपासून दुपारपर्यंत ठाण मांडून बसणं चालणार नाही. खाजगी माळावर मालकाला विचारा, आणि मेंढपाळालाही. मेंढरं कुठून कुठे फिरणार हे त्याला ठाऊक असतं. शिवाय कोणत्या गवतात ‘संध्याकाळी चारपाच घारींसारखे खाली बसतात’ हे सांगणारा पहिला माणूस तोच असतो.

पंचांगही बघा. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते, कावडी निघतात, शंभू महादेवाच्या डोंगराकडचे रस्ते आणि टेकड्या माणसांनी फुलतात. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, त्या दिवशी वाईच्या बाजूला जायचं म्हणजे पक्ष्यांपेक्षा गाड्याच जास्त मोजाव्या लागतील. या तारखा सोडा, किंवा दुसरी बाजू धरा.

तपासा: जागेचं ठिकाण फोनवर अक्षांश-रेखांशासह साठवलं का? पुढच्या वर्षी दुसरा गट आला तरी त्याच दगडावर बसेल, इतकं नेमकं हवं.

## टप्पा २: रेषा आखा

हा टप्पा लोक गाळतात. गाळू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ठाण्यावर, म्हणजे मोजणीच्या ठरलेल्या जागेवर, उभं राहून पूर्वेला एक ठळक खूण निवडा: टेकडीवरचं देऊळ, मोबाइल टॉवर, एखादं एकटं झाड. पश्चिमेला दुसरी. या दोन खुणा आणि तुम्ही, यांना जोडणारी पूर्व-पश्चिम रेषा म्हणजे तुमची मोजरेषा. तिच्या दक्षिणेकडून येऊन ती ओलांडून उत्तरेला गेलेला पक्षी ‘उत्तर’ या रकान्यात. उलट गेलेला ‘दक्षिण’ मध्ये. ओलांडून गेला आणि पाच मिनिटांत परत आला, तर दोन्ही रकान्यांत नोंद होते आणि शेवटच्या बेरजेत ते एकमेकांना खातात. म्हणून ‘दक्षिण’ रकाना नको, आपण वसंताचं मोजतोय, असं म्हणू नका. तो रकाना नसेल तर एकच घार सकाळभर तुम्हाला दहा घारी बनून दाखवेल.

खुणा किती लांब असाव्यात? उघड्या डोळ्याला मोठा पक्षी ठिपक्यासारखा दिसतो तेवढ्या. मैलभर पलीकडचं आकाश तुमचं नाही, ते दुसऱ्या ठाण्याचं. पुढच्या टेकडीवर दुसरा गट असेल तर दोघांची घड्याळं सकाळी फोनवर जुळवा. दोघांनाही दिसलेला पक्षी वेळ, दिशा आणि उंचीवरून जुळला तर तो पहिल्याच ठाण्यावर मोजा, दुसऱ्याने फक्त शेऱ्यात लिहा.

तपासा: गटातल्या प्रत्येकाला दोन्ही खुणा बोटाने दाखवायला सांगा. आमच्याकडे एकदा दोघांची ‘पश्चिमेची टेकडी’ वेगवेगळी निघाली. ते दुपारी कळलं.

## टप्पा ३: माणसं आणि त्यांची कामं

कमीत कमी तीन जण. दोघं बघणार, एक लिहिणार. लिहिणाऱ्याने दुर्बीण गळ्यात घालायचीच नाही. ऐकायला कडक वाटतं, पण लिहिणारा पक्षी बघायला लागला की दोन ओळी राहतात, आणि त्या कधीच परत भरून निघत नाहीत. बघणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवायचं: ‘भोवत्या, एक, उत्तर, नर, उंची दोन.’ ‘लिहिलं.’ झालं. (‘उंची दोन’ म्हणजे काय ते टप्पा ९ मध्ये.)

दर ४५ मिनिटांनी कामं आपसात बदला. डोळा थकतो आणि तो थकला हे त्या माणसाला कळत नाही, त्याला वाटतं पक्षी संपले. चौथा माणूस मिळाला तर त्याला पाणी, चहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तरं देण्याचं काम द्या. पठारावर दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला ‘काय बघताय? जमिनीची मोजणी का?’ असं विचारायला दर अर्ध्या तासाने कोणीतरी येतंच. त्याच्याशी नीट बोला, पण बघणाऱ्याने नाही.

नवख्याला बघायला बसवा, जाणकाराला लिहायला नव्हे. नवख्याची नजर बऱ्याचदा तिखट असते. ओळख तो चुकवेल, पण पक्षी आधी तोच पकडेल.

## टप्पा ४: सामान

८x४२ किंवा १०x४२ ची दुर्बीण पुरे. टेलिस्कोप असेल तर आणा, नसेल तर अडत नाही. बोटाने दाबायचा आकडा-मोजक (टॅली काउंटर), छापलेले तक्ते, दोन पेन्सिली. बॉलपेन उन्हात सुटं पडतं, पेन्सिल नाही. क्लिपबोर्ड, होकायंत्र किंवा फोनवरचं, टोपी, माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. कॅमेरा आणायला हरकत नाही, पण तो पिशवीतच ठेवा. गळ्यात कॅमेरा असलेला माणूस भोवत्या दिसल्याबरोबर फोटोच्या मागे लागतो, आणि तोवर रेषेवरून दोन खरूची निघून गेलेल्या असतात.

थांबा: कड्याजवळ बसणार असाल तर वर-खाली बघा, आग्या मधमाश्यांची पोळी आहेत का? असतील तर सरका. अत्तर, सिगारेट, धूर काही नको. पठाराच्या दगडांखाली फुरसं असतं, बसण्यासाठी दगड उचलताना हात आधी घालू नका.

## टप्पा ५: दिवस, वेळ, हवा

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आठवड्यातला एक ठरलेला वार. हिवाळाभर आपल्या माळांवर राहिलेल्या भोवत्या याच काळात निघून जातात. ‘या रविवारी खूप पक्षी दिसले म्हणे’ असं ऐकून जाणं ही मोजणी नव्हे. चांगल्या दिवशी जाणारा माणूस चांगलेच आकडे आणतो, आणि वाईट दिवस कुठे गेले ते कोणाला कळत नाही.

वेळ साधारण साडेआठ ते साडेबारा. माळावर भोवत्या सकाळी लवकरच फिरायला लागतात, गरुड-बाजांना मात्र जमीन तापून हवा वर चढायला लागेपर्यंत उडता येत नाही, ते नऊ-साडेनऊनंतर. दुपारी बारा-एकच्या पुढे मृगजळासारखी हवा थरथरते आणि दूरचा पक्षी ओळखणं सोडाच, दिसणंही अवघड होतं. सह्याद्रीच्या कड्यावर दुपारी पश्चिमेचा वाराही जोर धरतो. ज्यांना दुपारचं करायचंय त्यांनी तोच वेळ दर आठवड्याला करावा, आज सकाळ उद्या दुपार असं नको.

हवेची नोंद दर तासाला: वारा कुठून येतोय, किती जोराचा, ढग किती, लांबचं किती स्पष्ट दिसतंय. इथे एक मुरलेली चूक आहे. वाऱ्याची दिशा ‘कुठून’ लिहायची, पक्ष्याची दिशा ‘कुठे’ लिहायची. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. पक्षी मात्र उत्तरेला गेला तर ‘उत्तर’. तक्त्याच्या माथ्यावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर निम्म्या तक्त्यांत वारा उलटा येईल. आमच्या तर आलाच होता.

थांबा: एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारी वळवाचे ढग चढले आणि गडगडाट ऐकू आला की उघड्या पठारावरून लगेच खाली उतरा. ‘अजून पंधरा मिनिटं’ हा त्या वेळचा सगळ्यात धोकादायक आकडा. मोजणी अर्धवट राहिली तर ती वेळेसह ‘अर्धवट’ म्हणून लिहा.

## टप्पा ६: आकाश कसं बघायचं

पक्षी दिसला की दुर्बीण लावायची ही सवय आधी मोडा. उलटं करा. आधी दुर्बीण लावून क्षितिजाच्या वरची दोन-तीन बोटं उंचीची पट्टी आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंत सावकाश फिरवा, मग तिच्या वरची पट्टी, मग उघड्या डोळ्याने डोक्यावरचं. एवढं एका फेरीत सात-आठ मिनिटांत व्हावं. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याला लांबून येणारा पक्षी दिसतच नाही, तो डोक्यावर आल्यावर कळतो आणि मग ‘एकदम कुठून आला’ असं वाटतं.

निळ्या कोऱ्या आकाशात डोळा कशावर टिकवावा हेच कळत नाही, तो जवळच टिकतो. दूरच्या डोंगरावर दुर्बीण नीट जुळवून घ्या, मग तशीच वर आकाशात न्या, फिरकी हलवू नका. पांढरा ढग आला तर ती पर्वणी समजा, त्याच्या पार्श्वभूमीवर काळा ठिपका उठून दिसतो.

थांबा: सूर्याच्या दिशेने पक्षी गेला तर त्याला दुर्बिणीतून सोडून द्या. सूर्य दुर्बिणीत क्षणभर आला तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हे नवख्याला सकाळीच, पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं.

## टप्पा ७: मोजा, दिशा बघा, मग ओळखा

याच क्रमाने. पक्षी दिसला, लगेच मोजक दाबा. मग तो रेषा ओलांडतोय का आणि कोणत्या बाजूला, ते बघा. मग ओळख. बहुतेक लोक उलटं करतात. ओळखण्यात दोन मिनिटं जातात, कोणीतरी ‘बूटेड (बूटेड ईगल हा गरुड) असणार’ म्हणतं, कोणी ‘घार आहे रे’ म्हणतं, तेवढ्यात मूळ पक्षी रेषेच्या कोणत्या बाजूला गेला तेच राहतं.

उंच चढणाऱ्या झोतात पक्षी गोल फिरत वर जातात, तेव्हा मोजू नका. एक जण बारा म्हणतो, दुसरा सतरा, दोघंही खरं बोलत असतात. फिरणारा गट वर जाऊन सुटतो, आणि मग पंख स्थिर ठेवून एकामागोमाग एक सरळ घसरत निघतो. तेव्हा त्या रांगेत मोजा. रांगेने जाणारे सुटे मोजता येतात. मोठा गट असेल तर पाच-पाचच्या पुंजक्यांत.

आता खरी अडचण, स्थानिक घारी. साताऱ्यात कचरा डेपोवर, मटण-मच्छीच्या बाजारावर शेकडो घारी रोज फिरतात, सकाळी पठाराच्या वर उचलल्या जातात आणि दुपारी खाली येतात. त्या स्थलांतर करत नाहीत. त्यांना मोजायचं नाही. पण ‘घार असेल तर सोडून द्या’ असंही चालत नाही, कारण हिवाळ्यात उत्तरेकडून काळ्या कानाची घारही आपल्याकडे येते आणि वसंतात परत जाते. ती थोडी मोठी दिसते, पंखाच्या टोकाच्या खालच्या बाजूला फिकट पांढुरका ठिगळ असतो, कानामागे गडद डाग. उंचावर हे सगळं दिसेलच असं नाही. म्हणून मी नियम साधा ठेवतो: घार फक्त तेव्हाच मोजायची, जेव्हा ती दक्षिणेकडून येऊन, न फिरता, रेषा ओलांडून नजरेआड जाईपर्यंत उत्तरेलाच जाते. बाकीच्या ‘स्थानिक’ असा एकत्र शेरा, तासाला एकदा अंदाजे आकडा. हा नियम कडक आहे, त्यात काही खऱ्या प्रवासी घारी सुटतील. चालेल. खोटा आकडा आत येण्यापेक्षा ते बरं.

याच कारणाने वणव्याच्या दिवशी मोजणी रद्द करा. मार्चमध्ये कडेच्या गवताला आग लागते किंवा लावली जाते, आणि धुराच्या बाजूला घारी, तिसा (एक बाज), कधी गरुडही जमतात, कारण पळणारे टोळ, उंदीर, सरडे आयते मिळतात. एका मार्चमध्ये आम्ही असा साठेक पक्ष्यांचा ‘मोठा थवा’ आनंदाने मोजला आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर गाजवला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, ‘धूर कुठे होता?’ फोटोतच होता, पक्ष्यांच्या खाली. तो दिवस आम्ही खोडला, तक्त्यावर मात्र तसाच ठेवला, वर ‘वणवा’ असं लिहून.

तपासा: दर तासाला लिहिणाऱ्याने विचारावं: मागच्या दहा नोंदींतल्या किती नजरेआड जाईपर्यंत पाहिल्या? सहा-सात नसतील तर गट पक्ष्याला मध्येच सोडतोय.

## टप्पा ८: ओळख, पण नको तिथे नेमकी नको

सगळ्या जातींची ओळख इथे देत नाही, पुस्तकं आहेत. जिथे गडबड होते तेवढंच.

भोवत्या ओळखायला सोपा: गवतावरून खालून तरंगतो, पंख वरच्या बाजूला इंग्रजी व्ही सारखे धरतो, पंख-शेपटी दोन्ही लांब. अडचण पुढे आहे. माँटेग्यू आणि पांढुरका या दोन भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं तपकिरी असतात, दोघींनाही शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. पठारावरून, अर्ध्या किलोमीटरवर, त्या वेगळ्या ओळखता येतात असं कोणी ठामपणे म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. ‘माँटेग्यू किंवा पांढुरका, मादी’ अशी नोंद तुमच्या तक्त्यात सगळ्यात जास्त वेळा दिसली पाहिजे. नर मात्र वेगळे: माँटेग्यूच्या राखी पंखावर वरून एक काळा आडवा पट्टा, पांढुरका जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी पाचर. दलदली भोवत्या जाडसर, मादी गडद, डोकं फिकट पिवळसर, शेपटीच्या बुडाला पांढरा पट्टा नाही.

घार आणि बूटेड ईगल यांची गल्लत ठरलेली. बूटेडची दुसरी, गडद छटा लांबून अगदी घारीसारखी दिसते. शेपटी बघा. घारीची दुभंगलेली, आणि उडताना ती शेपटी पिळत राहते. बूटेडची सरळ. समोरून येत असेल तर बूटेडच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, पंखाच्या मुळाशी, दोन पांढरे ठिपके दिव्यासारखे दिसतात.

मधुबाजाचं डोकं कबुतरासारखं लहान आणि पुढे काढलेलं, शेपटी लांब, तिच्यावर रुंद पट्टे. सापमार गरुड उलट, डोकं मोठं, घुबडासारखं, खालून पांढुरका, आणि हवेत एका जागी थांबतो. तो इथलाच रहिवासी आहे, मोजणीत क्वचित. एका जागी थांबतात त्या तिघांत नवखा अडतो: खरूची तांबूस, टोकदार पंखांची, कापशी घार पांढरी-राखी, खांदे काळे, सापमार त्या दोघांहून खूपच मोठा.

उरलेल्यांसाठी पायऱ्या ठेवा: ‘गरुड, अनोळखी’, ‘बाज, अनोळखी’, ‘ससाणा, अनोळखी’, ‘शिकारी पक्षी, अनोळखी’. एकही अनोळखी नोंद नसलेला तक्ता मी आधी तपासायला घेतो.

तपासा: ग्रुपवर फोटो टाकून ‘हा कोणता?’ विचारायचं असेल तर मोजणी संपल्यावर. चालू मोजणीत फोनवर उत्तर वाचणारा आकाश बघत नसतो.

## टप्पा ९: तक्ता

रकाने इतकेच: तास, वेळ, पक्षी, संख्या, दिशा, उंची, नर/मादी/पिल्लू, शेरा. वर: ठाणं, तारीख, सुरुवात-शेवट, बघणाऱ्यांची संख्या, हवा. उंचीसाठी मीटर लिहू नका, कोणालाच अचूक सांगता येत नाही. सहा पायऱ्या करा: १ डोळ्याखाली, २ डोळ्याच्या पातळीला, ३ वर पण सहज दिसतो, ४ डोळ्याला जेमतेम, ५ फक्त दुर्बिणीत, ६ फक्त टेलिस्कोपमध्ये.

एक भरलेली ओळ कशी दिसावी, उदाहरणादाखल: ‘१०–११ | १०:२२ | माँटेग्यू/पांढुरका | १ | उत्तर | २ | मादी | माळावरून, न थांबता.’ आणि याच तक्त्यात ११ ते १२ असा रिकामा तास असेल तर त्यावर स्वच्छ ‘०’ लिहा, रेघ मारू नका. रेघेचा अर्थ वर्षाने कोणालाच कळणार नाही: पक्षी नव्हते, की लिहिणारा चहाला गेला होता?

संख्या नेहमी आकड्यात, ‘भरपूर’, ‘बरेच’, ‘थवा’ हे शब्द चालत नाहीत. मोजता आलं नसेल तर ‘१५–२०’ असं लिहा.

## टप्पा १०: त्याच संध्याकाळी

उतरण्याआधी सगळ्या तक्त्यांचे फोटो काढा आणि दोन फोनवर ठेवा. कागद वाऱ्याने उडतो, घाटात गाडीत विसरतो. मग त्याच संध्याकाळी भरा. दोन दिवसांनी स्वतःचं अक्षरही वाचता येत नाही.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमा करण्याच्या संकेतस्थळावर) टाकताना एका तासाची एक यादी करा, प्रकार ‘स्टेशनरी’ (एका जागेवरून), वेळ आणि किती जण होतात ते भरा. त्या यादीत तुम्हाला दिसलेले सगळे पक्षी असतील तरच ती पूर्ण यादी म्हणून जमा करा, फक्त शिकारी पक्षी मोजले असतील तर ‘नाही’ निवडा. संख्येच्या जागी ‘एक्स’ (दिसला, पण मोजला नाही) लिहू नका. मोजरेषेचे दिशावार आकडे शेऱ्यात जातात, मूळ तक्ता मात्र स्वतःकडे ठेवा, कारण त्यात स्थानिक घारी वेगळ्या आहेत.

संध्याकाळी माळाच्या गवतात भोवत्या एकत्र मुक्कामाला उतरतात, जमिनीवर. ते मोजायचं असेल तर वेगळ्या तक्त्यावर, लांबून, सूर्यास्ताच्या आधीपासून अंधार पडेपर्यंत, आणि गवतात न शिरता. दिवसाच्या मोजणीत ते आकडे मिसळू नका. मुक्कामाच्या नेमक्या जागा ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या राहतात.

जखमी पक्षी सापडला तर पाणी पाजू नका, पक्षी कापडाने झाकून खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पायात अभ्यासकांनी घातलेली क्रमांकाची कडी असलेला पक्षी सापडला किंवा स्पष्ट फोटो मिळाला तर कडीवरचा क्रमांक जसाच्या तसा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवा. कडी काढू नका, वाचता आली नाही तर अंदाजही भरू नका.

आणि पुढच्या आठवड्यासाठी: त्याच दगडावर, त्याच वेळी, तोच तक्ता. निघताना पश्चिमेची खूण असलेलं झाड अजून उभं आहे का बघून या. आमचं गेल्या वर्षी कोणीतरी तोडलं, आता टॉवर धरलाय.